ऐंशी आणि बत्तीस

घोड नदीच्या खोऱ्यात ऊस म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. डिंभे धरणाचं पाणी कालव्यांनी फिरलं, दत्तात्रयनगरला भीमाशंकर साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, शेजारी जुन्नरला विघ्नहर होताच. आंबेगावात उसाचे फड वाढत गेले. पण या उसाचे आईबाप कोण, हा प्रश्न फडात सहसा निघत नाही. महाळुंगे पडवळच्या एका घरात तो निघाला आणि चांगलाच रंगला. मामा साखर कारखान्याच्या शेतकी विभागातून निवृत्त झालेले, आता स्वतःचा ऊस करणारे. भाची पुण्यात वनस्पतींच्या गुणसूत्रांवर संशोधन करते. संकरित पिकात आईचा आणि बापाचा वाटा सारखा असतो का, आणि नसेल तर ज्याचा वाटा मोठा त्याचंच चालतं का, यावर दोघांचं जमत नाही. मी दोघांचंही ऐकून घेतलं आहे. माझा कल कुठे झुकतो ते मी लपवणार नाही, पण मामांच्या काही मुद्द्यांना माझ्याकडे आजही उत्तर नाही, हेही खरं.

मामा : तू म्हणतेस आपल्या उसात कासाचं रक्त आहे. नदीकाठी पावसाळा सरताना पांढरे तुरे काढतं, तेच कास ना? बांधावर ते दिसलं की मी आधी कुदळ हातात घेतो. वरून कापलं तर महिन्यात पुन्हा हजर. त्या गवताचं आणि माझ्या ८६०३२ या वाणाचं नातं?

भाची : जवळचं नातं आहे, मामा. पणज्याच्या पणज्याचं म्हणा. आणि वरून कापलं तरी पुन्हा हजर होतं म्हणालात ना, तुमचा खोडवा फुटतो तो त्याच गुणामुळे.

मामा : खोडवा फुटतो तो तोडणी झाल्याबरोबर बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट न जाळता सरीत दाबलं, पहारीनं खत दिलं आणि पाणी वेळेवर सोडलं म्हणून. ज्यानं हे केलं नाही त्याचा तोच ८६०३२ खोडव्याला विरळ होतो. शेजारच्या वावरात जाऊन बघ.

भाची : बरोबर आहे. पण हीच सगळी मेहनत पुंड्यावर केली असती तर?

मामा : पुंड्या! आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात यायचा. जाड, मऊ, रसानं भरलेला. दातानं सोलून खायचा ऊस. पण खायला काळ होता म्हणायचे, पाण्यालाही आणि खतालाही. एक वर्ष जोरात यायचा, खोडवा ठेवायची कोणाची छाती नसे.

भाची : पुंड्या शुद्ध थोर उसातला होता. न्यू गिनीकडून आलेल्या, माणसानं हजारो वर्षं गोडीसाठी निवडून निवडून जाड केलेल्या जातीतला. त्याच्यात कास नव्हतं. दख्खनमध्ये त्याची जागा आधी जावा बेटावरून आलेल्या पीओजे २८७८ नं घेतली, मग कोइमतूरच्या को ४१९ नं, पुढे को ७४० नं आणि आता ८६०३२ नं. पुंड्यानंतरच्या यातल्या प्रत्येकात कास आहे. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ साली सुरू झालं, ते नेमकं या बदलाच्या काळात.

पुंड्याची ही आठवण अजून पुणे, नगर, सातारा भागात कुठे कुठे ऐकू येते, आणि ती नुसती हळहळीची गोष्ट नाही. गोडी आणि चिवटपणा हे दोन गुण दोन वेगळ्या कुळांतून आले, हे शास्त्रज्ञांनी कागदावर मांडण्याआधी शेतकऱ्यानं फडात पाहिलं होतं.

मामा : बरं, कास आलं. पण किती? मी साधा हिशेब करतो. पहिल्या संकरात निम्मं कास, निम्मा ऊस. तो पुन्हा उसाशी संकर केला की कास चार आणे. आणखी एकदा केला की दोन आणे. एवढ्या दोन आण्यांसाठी तू माझ्या उसाला गवताचा नातू ठरवतेस?

भाची : तुमचा हिशेब पहिल्याच पायरीला चुकतो, आणि तोच सगळ्यांत नवलाचा भाग आहे. थोर उसात ८० गुणसूत्रं असतात. कोइमतूरच्या रानात जे कास होतं त्यात ६४. नेहमीच्या नियमानं आईकडून निम्मी यायला हवीत, ४०. बापाकडून निम्मी, ३२. एकूण ७२. पण १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं आणि तिथे बार्बर साहेब आणि वेंकटरामन यांनी वेल्लै नावाच्या थोर उसावर कासाचे पराग टाकून को २०५ तयार केला, त्यात ११२ गुणसूत्रं निघाली. ८० अधिक ३२.

मामा : म्हणजे आईनं आपली सगळीच दिली?

भाची : सगळी. अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांची निम्म्यानं विभागणी व्हायला हवी, ती इथे लागूच पडली नाही. बापानं मात्र नियम पाळला, निम्मीच दिली. आणि हे एका उसापुरतं नाही. जाव्यात ब्रेमर नावाच्या डच शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी गुणसूत्रं मोजली. तिथलं कास ११२ गुणसूत्रांचं. त्याचा थोर उसाशी आपोआप झालेला एक संकर होता, कासूर नावाचा. त्यात १३६ निघाली. आईची ८०, बापाची ५६. कासूरचा पुन्हा थोर उसाशी संकर केला, त्यातून पीओजे २३६४ आला. त्यात १४८. पुन्हा आईच्या बाजूनं पूर्ण ८० आणि कासूरकडून ६८.

मामा : थांब. मला मांडू दे. कासूरमध्ये कास ५६, एकूण १३६. निम्मं नाहीच, साडेसहा आण्यांच्या आसपास. पुढच्या पिढीत त्या ५६ ची निम्मी, २८, एकूण १४८ मध्ये. म्हणजे चार आणेही नाही, तीन आणे. मग माझाच मुद्दा पक्का झाला की! तू म्हणतेस हिशेब चुकला, पण चुकून कास आणखी कमीच झालं.

भाची : झालंच. आजच्या लागवडीतल्या वाणांत साधारण १०० ते १३० गुणसूत्रं असतात. त्यांतली सुमारे ८० टक्के थोर उसाची, १० ते २० टक्के कासाची, आणि काही अशी की ज्यांत दोघांचे तुकडे एकमेकांना जोडले गेले आहेत. १९९० च्या दशकात दोन्ही कुळांच्या डीएनएला वेगवेगळे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली हे डोळ्यांनी बघता आलं. शिवाय पेशीतल्या हरितलवकांचा वारसाही आईकडूनच येतो, आणि आई बहुतेक वेळा थोर ऊसच होती. वाट्याच्या बाबतीत तुमच्याशी माझं भांडण नाही. भांडण पुढच्या वाक्याचं आहे. वाटा लहान म्हणून काम लहान, असं तुम्ही धरून चालता.

मामा : मग सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेत कसतो दुसराच, असं म्हण.

भाची : अगदी असंच. फक्त सगळं शेत तो कसत नाही, काही तुकडेच कसतो. गोडी, जाडी, कमी चोयटी, हे बहुतांशी थोर उसाचं. फुटवे, खोडवा, मुळांचा जोर, थंडी आणि हलकी जमीन सोसणं, काही रोगांना दाद न देणं, हे बहुतांशी कासाचं. को २०५ मध्ये कास ११२ पैकी ३२ होतं, पाच आण्यांहूनही कमी. पण तो वाण १९१८ साली पंजाबात दिला गेला तो त्या ३२ च्या जोरावर. उत्तरेच्या थंडीत पुंड्यासारखा ऊस टिकला नसता.

इथे एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ई. के. जानकी अम्माळ. १८९७ साली केरळातल्या तलश्शेरीत जन्मलेल्या या बाई १९३४ मध्ये कोइमतूरच्या केंद्रात आल्या आणि उसाच्या गुणसूत्रांच्या मागे लागल्या. त्यांनी उसाचे दुसऱ्या गवतांशी संकर केले, थेट मक्याशीसुद्धा, आणि कोणाकडून किती गुणसूत्रं येतात ते मोजलं. दोन कुळं एका पेशीत आली की वाटणी न्यायाची होतेच असं नाही, हे आपल्या देशात ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिलं त्यांत त्या अगदी पुढे होत्या. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना फारशी जागा मिळत नाही, याचा मला राग येतो. साखरेच्या प्रत्येक चमच्यामागे त्या केंद्राचं काम आहे.

मामा : माझी शंका वेगळीच आहे. तू म्हणालीस काही गुण आईचे, काही बापाचे. पण एकाच गुणासाठी दोघांचीही जनुकं असणारच ना पेशीत? गोडीचं जनुक कासातही असेल, भले त्याची गोडी कमी असेल. मग दोन्ही एकत्र आल्यावर कोणाचं चालतं? जास्त संख्या असेल त्याचं?

भाची : हा खरा प्रश्न. याची दोन उत्तरं आहेत आणि ती वेगवेगळी ठेवावी लागतात. एक संख्येचं. उसात एकाच जनुकाच्या आठ-दहा, कधी बारा प्रती असतात. त्यांतल्या बहुतेक थोर उसाच्या असतील तर त्या गुणावर त्याचं वजन पडणार. हे तुमच्या हिशेबासारखंच. दुसरं उत्तर संख्येचं नाहीच. दोन्ही कुळांच्या प्रती सारख्या असल्या तरी एकाच्या जास्त कामाला लागतात आणि दुसऱ्याच्या दबून राहतात, असं बऱ्याच संकरित वनस्पतींत दिसतं.

मामा : दबतात कशानं?

भाची : डीएनएमध्ये काही तुकडे असे असतात की ते जागा बदलतात, स्वतःच्या प्रती काढत सुटतात. त्यांना आवरलं नाही तर नुकसान करतात. म्हणून पेशी त्यांच्यावर रासायनिक खुणा करून त्यांना बंद ठेवते. पण ती बंदी शेजारच्या जनुकापर्यंत झिरपते. ज्या कुळात असे तुकडे जनुकांच्या जवळ जास्त, त्याची जनुकं एकंदरीत कमी चालतात. संकर झाला की दोन्ही कुळं एका पेशीत येतात, आणि हा जुना फरक उघडा पडतो. मिम्युलस नावाच्या एका फुलझाडात २०१७ साली हे पिढीवार तपासलं गेलं. पहिल्याच पिढीत एका कुळाचं पारडं जड झालं होतं, आणि पुढच्या पिढ्यांत ते आणखी जड होत गेलं.

मामा : आणि एकदा जड झालं की दुसऱ्याची जनुकं हळूहळू गळून जात असतील. वापरात नाही ते कोण सांभाळणार?

भाची : लाखो वर्षांत असंच होतं. मक्याच्या पूर्वजात दोन कुळं एकत्र आली होती; त्यातल्या एकाची जनुकं जास्त गळाली, आणि जी कमी चालत होती तीच जास्त गळाली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत तर चार कुळांचे आठ संच आहेत, आणि २०१९ मध्ये तिचा जनुकसंच वाचला तेव्हा त्या चारांपैकी एकाचंच वर्चस्व दिसलं. युरोपातल्या रानस्ट्रॉबेरीच्या जवळच्या कुळाचं.

मामा : म्हणजे शेवटी एकच राज्य करतो. हे मला पटतं. घरात दोन कारभारी चालत नाहीत.

भाची : आणि नेमकं हेच मला पटत नाही! गहू बघा. तुमच्या घरी खपली असते ना?

मामा : असते. पुरणपोळीला आणि खिरीला खपलीच लागते. रोजच्या चपातीला दुसरा.

भाची : खपलीत दोन कुळं आहेत, २८ गुणसूत्रं. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी तशाच गव्हाचा एका रानगवताशी संकर झाला, तिसरं कुळ आलं, ४२ गुणसूत्रांचा गहू झाला. आज बाजारात मिळणारा चपातीचा आणि पावाचा गहू तोच. पिठाला जो ताण येतो, पाव फुगतो, त्यात त्या तिसऱ्या गवतानं आणलेल्या प्रथिनांचा वाटा फार मोठा आहे. आता तुमच्या नियमानं तिघांतला एक राजा हवा. पण २०१८ मध्ये गव्हाच्या हजारो जनुकांची तिन्ही कुळांतली जोडीदारं शेजारी ठेवून मोजली, तर सुमारे ७० टक्के ठिकाणी तिघंही साधारण सारखीच चालत होती. राजा कोणीच नाही. तरीही पाव फुगवण्याचं काम मात्र एकाकडे जास्त.

मामा : मग तुझ्याच बोलण्यात मेळ नाही. स्ट्रॉबेरीत राजा आहे, गव्हात नाही, उसात आईचा वाटा मोठा पण खोडवा बापाचा. शास्त्र म्हणायचं तर एक नियम सांग.

भाची : एकच नियम सांगता येत नाही, हेच मला सांगायचं आहे. तीन वेगवेगळ्या वह्या आहेत. पेशीत कोणाचं किती आलं, ही एक. आलेल्यातलं कोणाचं किती चालतं, ही दुसरी. आणि शेतात दिसणारा एखादा गुण कोणामुळे आहे, ही तिसरी. एका वहीतला आकडा दुसरीत उतरवला की चूक होते. तुम्ही पहिल्या वहीवरून तिसरी भरत होता.

मामा : आणि पुस्तकं लिहिणारे दुसरीवरून भरतात.

भाची : हो. आमच्या क्षेत्रातही ती घाई होते. एका कुळाची जनुकं जास्त चालतात असं दिसलं की लगेच त्याला विजेता ठरवतात.

भाचीचं हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. वर्चस्व हा शब्द आला की आपण लगेच हार-जीत धरतो. पेशीत तशी लढाई नसते. दबलेलं जनुकही पेशीत असतं, दुसऱ्या जमिनीत, दुसऱ्या हवामानात, रोग आला की ते कामाला येऊ शकतं.

मामा : तिसऱ्या वहीचं आणखी एखादं उदाहरण दे. असं की मला धक्का बसेल.

भाची : तुमच्या गावचंच देते. हुतात्मा बाबू गेनू.

मामा : बाबू गेनू सैद. १९०८ मध्ये इथे, महाळुंगे पडवळला जन्मलेला पोरगा, मुंबईला गिरणीत कामाला गेला. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाची मालमोटार अडवायला आडवा झाला आणि तिच्याखाली गेला. बाविशीतला. त्याचा उसाशी काय संबंध?

भाची : उसाशी नाही, कापसाशी. तो गिरणीत ज्या कापसाच्या धुळीत उभा होता त्या कापसाची गोष्ट आहे. आपला जुना देशी कापूस २६ गुणसूत्रांचा. अमेरिकेतून आलेला, आज विदर्भ-मराठवाड्यात सगळीकडे दिसणारा कापूस ५२ चा. त्यात दोन कुळं आहेत, दोघांची २६-२६. इथे गुणसूत्रांची वाटणी अगदी समान. एक कुळ आपल्या देशी कापसाच्या नात्यातलं. त्याला कातता येईल असा धागा होता. दुसरं पेरूमधल्या एका रानझुडपाच्या नात्यातलं. त्याच्या बियांवर कातण्यासारखा धागाच नाही. ही दोन कुळं १० ते २० लाख वर्षांपूर्वी एकत्र आली. आता सांगा, आजच्या कापसाच्या धाग्याची लांबी आणि मजबुती कोणत्या कुळानं ठरवली असेल?

मामा : हा काय प्रश्न झाला? ज्याला धागा होता त्यानं.

भाची : १९९८ मध्ये धाग्याचे गुण ठरवणाऱ्या जागा गुणसूत्रांवर शोधल्या, तर त्यांतल्या बऱ्याचशा बिनधाग्याच्या कुळाकडे निघाल्या.

मामा : ज्याच्याकडे नव्हतंच, त्याच्याकडे?

भाची : धागा असण्याचं मूळ पहिल्याकडे. पण त्याच्यात निसर्गानं जे सुधारायचं ते बरंचसं आधीच सुधारून झालं होतं. दुसऱ्या कुळाची जनुकं नव्या घरात आली, धागा बनवण्याच्या कामाला जुंपली गेली, आणि त्यांच्यात बदलायला जागा शिल्लक होती. म्हणून पुढची सुधारणा तिथून झाली. एकट्या बिनधाग्याच्या कुळाकडे बघून हे कधीच कळलं नसतं.

मामा काही वेळ गप्प होते. नंतर जे बोलले ते मला या सगळ्या चर्चेचं मर्म वाटतं, आणि म्हणून ते जरा सविस्तर देतो.

मामा : मला आता कळलं तू कुठे चाललीस. तुझं म्हणणं, उसात कास आणखी आणा. कारण त्या गवतात काय दडलंय ते गवताकडे बघून कळणार नाही. पण मी तुला फडातली दुसरी बाजू सांगतो. जाव्याच्या आणि कोइमतूरच्या माणसांनी संकर केल्यावर पुन्हा पुन्हा थोर उसाकडे का नेलं? कासाच्या पहिल्या पोरात साखर नव्हती म्हणून. बोटाएवढा ऊस, चोयटी भरपूर, तुरा लवकर, तुरा आला की ऊस आतून पोकळ. कारखान्याला उतारा पाहिजे. उतारा पडला की सगळ्या सभासदांचा दर पडतो, एकट्याचा नाही. मी शेतकी विभागात होतो, मला ठाऊक आहे. २६५ हा वाण टनाला भारी, क्षारपड जमिनीतही येतो, शेतकरी खूश. पण कारखान्याचा जीव ८६०३२ मध्ये अडकलेला. का? साखर. तुझ्या कासानं मला जोम दिला, मान्य. पण दोन-तीन आणे दिला तेवढा पुरे. त्याहून जास्त दिला तर तो मला गरीब करेल.

भाची : जास्त नको म्हणते मी. वेगळा हवा म्हणते. जगभरातल्या बहुतेक वाणांच्या मुळाशी कासाची मोजकीच झाडं आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जाव्याचं एखादं, कोइमतूरचं एखादं, अशी. ८६०३२ घ्या; को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांचा तो संकर. त्या दोघांच्या वंशावळी मागे नेत गेलं की फिरून त्याच जुन्या घरांत पोचतो. दोन आणे हरकत नाही, पण ते दोन आणे एकाच खिशातले आहेत. कास मात्र हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या घोड नदीपर्यंत पसरलेलं आहे, ४० गुणसूत्रांपासून १२८ पर्यंत. त्यातलं कितीसं आपण वापरलं?

मामा : ज्यात पैसे मिळतात ते वाण लोक लावतात. १९९६ ला ८६०३२ आला, तेव्हापासून त्यानं आम्हाला दगा दिला नाही.

भाची : उत्तर प्रदेशातही लोक हेच म्हणत होते. को ०२३८ आला, साखर आणि टन दोन्ही चढले. एक वेळ अशी आली की तिथल्या उसाखालच्या ८० टक्क्यांहून जास्त जमिनीवर तोच होता. मग लाल कूज हा रोग आला. ज्या वाणानं तिथले कारखाने वर काढले, तोच वाण शेतकरी उपटू लागले. दुसरा हाताशी असता तर एवढा फटका बसला नसता.

मामा : लाल कूज तिकडची. आपल्याकडे तांबेरा आहे, चाबूक काणी आहे, हुमणी आहे. लाल कुजीनं फड बसल्याचं मी इथे पाहिलं नाही.

भाची : पाहिलं नाही म्हणून येणार नाही असं नाही. कोसी ६७१ गोडीला उत्तम होता, आणि लाल कुजीपुढेच तो बसला. ८६०३२ त्याचंच लेकरू आहे.

मामा : ते खरं. कोसी ६७१ ची साखर मी विसरलो नाही, आणि तो का गेला तेही विसरलो नाही. पण मला वेळ सांग. आज तुझ्या कोइमतूरला नाहीतर वसंतदादा इन्स्टिट्यूटच्या आंबोलीच्या केंद्रात नव्या कासाशी संकर केला, तर माझ्या हातात बेणं कधी येईल?

भाची : साध्या संकरातून वाण यायला दहा-बारा वर्षं लागतात. रानटी कासापासून सुरुवात केली तर साखर परत आणायला आणखी दोन-तीन पिढ्यांचे संकर. वीस वर्षं धरा.

मामा : आणि त्या वीस वर्षांत कमी साखरेचा ऊस कोणी लावायचा? संशोधन केंद्राच्या वावरात लावा, माझ्या नको.

भाची : तिथेच लावतात. केरळात कण्णूरला उसाच्या आणि त्याच्या रानटी नातलगांच्या हजारो प्रकारांचा साठा जपला आहे. पण जपणं वेगळं आणि वापरणं वेगळं. वापरायला पैसा, माणसं आणि धीर लागतो, आणि तो धीर कारखान्यांनी दाखवायला हवा. पुढची वीस वर्षं त्यांचीही आहेत.

या टप्प्यावर माझा कल भाचीकडे आहे. मामांचा हिशेब हंगामाचा आहे आणि तो बरोबरच आहे. कर्ज हंगामाचं असतं, मुलांची फी हंगामाची असते. पण ज्या पिकाचा आठवा-दहावा हिस्सा त्याला उभं ठेवतो, तो हिस्सा किती प्रकारांतून आला याची फिकीर कोणीतरी करायलाच हवी. ती एका शेतकऱ्यावर टाकता येत नाही. सहकारी कारखान्यांनी साखरेच्या उताऱ्यासाठी शेतकी विभाग उभे केले; वाणांच्या मुळाशी असलेल्या या गवताच्या अभ्यासालाही त्यांच्या ताळेबंदात एक ओळ असावी, असं मला मनापासून वाटतं.

मामा मात्र शेवटपर्यंत आपल्या मुद्द्यावर ठाम राहिले, आणि त्यांनी भाचीला एक अट घातली.

मामा : तुम्ही लोक चाचणीच्या वावरात ब्रिक्स मोजता, साखर मोजता. लागणीचा ऊस मोजता आणि फार तर एक खोडवा. ज्या गवताची तू एवढी बाजू घेतेस त्याचा खरा गुण तर दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीला दिसणार. लागणीला ते माझ्या ८६०३२ पुढे हरणारच. मग तुझ्याच मोजमापात ते पहिल्या वर्षी बाद होतं.

भाची : चाचण्यांत दोन लागणी आणि एक खोडवा असतो. तुमचं बरोबर आहे, निडवा सहसा मोजत नाहीत.

मामा : मग निडवा मोजा. तिन्ही तोडण्यांची एकरी साखर मिळून सांगा, पाण्याचे आणि मजुरीचे पैसे वजा करून. त्यात तुझं कास जिंकलं तर बेणं घेऊन ये, मी पाच गुंठे देतो.

भाची : पाचात नाही जमणार, मामा. शेजारी ८६०३२ पण लावावा लागेल, त्याच जमिनीत, त्याच पाण्यावर. दहा द्या.

मामा : दहा देतो, पण कालव्याच्या खालच्या अंगाचे. तिथे पाणी उशिरा पोचतं.

भाची : तेच हवेत.